नंबर बुबुळात की भिंगात?

मी मुद्रितशोधनाचं काम करते. सांगलीत घरी बसून पुण्या-कोल्हापूरच्या प्रकाशकांची प्रुफं तपासते. पूर्वी कागदाचे गठ्ठे एसटीच्या पार्सलने यायचे, आता पीडीएफ येते आणि मी ती छापून घेते, कारण पडद्यावर चुका निसटतात असा माझा अनुभव आहे. डोळे हेच माझं भांडवल. त्यामुळे डाव्या डोळ्यात जे सुरू झालं ते मला लवकर कळलं आणि फार नेमकं कळलं.

त्या डोळ्याला उभ्या रेघा दोन दिसायला लागल्या. फक्त उभ्या. शिरोरेघ अगदी स्वच्छ, धारदार दिसायची. पण न, म, त, स, प, व या अक्षरांना उजवीकडे जो दंड असतो, त्याच्या शेजारी आणखी एक फिकट दंड उमटायचा आणि अक्षराला काना लागल्याचा भास व्हायचा. पानावर ‘मत’ असायचं, मला ‘माता’ दिसायचं. ‘नव’चं ‘नावा’ व्हायचं. र, ट, ड, ह यांना असा दंडच नाही, म्हणून ‘हट्ट’ किंवा ‘रड’ बिनचूक वाचता यायचं. वाचकाला संदर्भाने शब्द लागतो, पण प्रूफ वाचणाऱ्याला संदर्भाच्या भरवशावर राहता येत नाही. पानावर जे आहे तेच वाचायचं असतं. समोरचा काना छापलेला आहे की माझ्या डोळ्याने लावलेला आहे, हे ठरवायला ओळीओळीला थांबावं लागलं तर दिवसात एक फर्मासुद्धा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा एक संचसुद्धा, हातावेगळा होत नाही.

आधी वाटलं, चष्म्याची काच खराब झाली असेल. पुसून पाहिली, फरक नाही. मग एकेक डोळा झाकून पाहिलं. उजवा डोळा झाकला तरी दुहेरी दिसणं तसंच राहिलं आणि डावा झाकला की सगळं साफ. ही साधी परीक्षा प्रत्येकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. दोन्ही डोळे उघडे असतानाच दोन-दोन दिसत असेल आणि कुठलाही एक झाकला की एकच दिसत असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बसत नाहीये असा त्याचा अर्थ. तो प्रकार अचानक झाला तर एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठावा, कारण मूळ मेंदूत किंवा नसांमध्ये असू शकतं. एकाच डोळ्याने दोन दिसत असेल, तर बहुतेक वेळा गडबड त्या डोळ्याच्या काचेसारख्या पारदर्शक भागांत असते. मूठ वळून तिच्यातल्या बारीक भोकातून पाहिलं, तर जास्तीचे काने गायब! उन्हात गॅलरीत बसून वाचलं की त्रास कमी, संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात जास्त. उजेडात बाहुली आकसते आणि प्रकाश भिंगाच्या फक्त मधल्या भागातून आत जातो, अंधारात बाहुली मोठी होते आणि कडेचे भागही कामाला लागतात, हे कारण मला पुढे कळलं. संकष्टीला उपास सोडायच्या आधी चंद्र पाहिला, तर डाव्या डोळ्याला दोन चंद्र, आडवे, एकमेकांवर अर्धे सरकलेले.

आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्यांकडे गेले. आमची सगळी बिऱ्हाडं त्यांच्याकडूनच चष्मे करतात. डाव्या डोळ्याचा नंबर निघाला उणे १.२५, त्याशिवाय सिलिंडर उणे २.२५, अॅक्सिस ८०. आधीच्या चष्म्यात याच डोळ्याला सिलिंडर जेमतेम अर्धा होता. ज्यांनी कधी चष्म्याचा कागद नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पहिला आकडा सगळ्या दिशांना सारखा लागू असतो. सिलिंडरचा आकडा एका दिशेची ताकद तिच्या काटकोनातल्या दिशेपेक्षा किती वेगळी आहे ते सांगतो आणि अॅक्सिस ते वेगळेपण कोणत्या कोनात आहे ते सांगतो. यालाच दृष्टिवैषम्य किंवा अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. माझा अॅक्सिस नव्वदच्या जवळ, म्हणून आडव्या रेघा ठीक आणि उभ्या बिघडलेल्या.

नवा चष्मा आला, आणि बरंच सुधारलं. पण पूर्ण नाही. दंडाशेजारची सावली फिकट झाली, गेली नाही. काही महिन्यांत ती पुन्हा गडद झाली. परत मोजलं तर सिलिंडरही हललेला आणि अॅक्सिसही. चष्मेवाल्यांनी मशीन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “वहिनी, मी काचा विकायला बसलोय, बदलून देईन. पण सिलिंडर इतक्या झपाट्याने फिरत नाही. आत काहीतरी बदलतंय. आधी डॉक्टरांना दाखवा.” दुकानात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी अशी माणसं आहेत म्हणून आपलं निभतं.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले तिथे निदान बरोबरच झालं: डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. माझं म्हणणं आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल. डॉक्टरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि मला पुढच्या खोलीत समुपदेशनासाठी पाठवलं. तिथल्या मुलीने माझ्या चष्म्याचा कागद पाहिला, सिलिंडरच्या आकड्याखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाली, “काकू, तुमचा सिलिंडर सव्वादोन आहे ना, मग साधी लेन्स चालणार नाही. टॉरिक, म्हणजे सिलिंडर घातलेली लेन्स घ्यावी लागेल, नाहीतर ऑपरेशननंतरही असंच दिसेल.” लॅमिनेट केलेलं दरपत्रक पुढे आलं. टॉरिक लेन्सचं पॅकेज साध्याच्या जवळजवळ दुप्पट होतं, आणि विम्यातून साध्या लेन्सचेच पैसे मंजूर होतील असं आम्हाला आधीच सांगितलं गेलं होतं. हे माझ्याशेजारीच बसले होते. म्हणाले, “डोळ्यापेक्षा पैसे मोठे नाहीत, घेऊन टाकू.” मलाही तसंच वाटलं. पण तोपर्यंत माझ्या डोळ्याची लांबी, बुबुळाचा बाक, काहीच मोजलेलं नव्हतं. ते मोजल्यावर त्यांनाही कळलं असतं, कदाचित बेत बदललाही असता. तरीही मला हे पटत नाही की मोजणी व्हायच्या आधी दर पुढे यावा, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टर नसलेल्या माणसाने चष्म्याच्या कागदावरून सांगावा.

दुसरं मत घ्यायला मिरजेला गेले. मिरज आमच्याकडे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचीच नव्हे, सीमेपलीकडची कर्नाटकातली माणसंही पिढ्यान्‌पिढ्या तिथे उपचाराला येतात. या डॉक्टर बाईंनी कागद वाचायच्या आधी प्रश्न विचारले. डोळ्याला कधी मार लागला होता का? लहानपणी विटी, चेंडू, काहीही? मार लागला असेल तर भिंगाला धरून ठेवणारे तंतू तुटून भिंग तिरपं होऊ शकतं आणि त्यानेही असाच सिलिंडर येतो. साखर किती? साखर वरखाली होत असली की भिंगात पाणी शिरतं, ते फुगतं आणि नंबर आठवड्या-आठवड्यांत हलतो, म्हणून मधुमेह्याने साखर आटोक्यात आल्याशिवाय नवा चष्मा करू नये, असं त्या म्हणाल्या. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ठीक निघाली. मारही लागलेला नव्हता. शेवटचा प्रश्न मला वेगळाच वाटला: “जवळचं वाचताना डाव्या डोळ्याला चष्मा नसला तर बरं वाटतं का?” थोडं वाटायचं, खरंच.

तेव्हा मला माझ्या सासूबाई आठवल्या. सत्तरी ओलांडल्यावर त्या एकदम चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायला लागल्या. आळीतल्या बायका कौतुकाने बघायला यायच्या, देवाची कृपा म्हणायच्या. वर्षा-दोन वर्षांत त्यांना समोरचं माणूस ओळखू येईना. भिंगाचा मधला गाभा घट्ट होत गेला की त्याची प्रकाश वाकवण्याची ताकद वाढते, माणूस लघुदृष्टीकडे सरकतो आणि जवळचं काही काळ छान दिसतं. म्हातारपणी परत आलेली नजर ही पुष्कळदा मोतीबिंदूची सुरुवात असते. कुणाच्या घरी असं झालं तर कौतुक करा, पण डोळे तपासूनही घ्या.

मग मोजणी झाली. मशीनसमोर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्ट्याला लावायचं आणि आतल्या दिव्याकडे बघायचं. यंत्र बुबुळावर उजेडाची वर्तुळं टाकतं आणि त्यांचं प्रतिबिंब कुठे किती ताणलंय त्यावरून बुबुळाच्या पारदर्शक आवरणाचा, म्हणजे कॉर्नियाचा, बाक काढतं. बसवायच्या लेन्सची ताकद काढण्यासाठी डोळ्याची लांबीही त्याच बैठकीत मोजतात. डोळ्याला काही टोचत नाही, लागत नाही. यातल्या बाकाच्या मोजणीला केराटोमेट्री म्हणतात. माझ्या डाव्या कॉर्नियाचे आकडे आले ४३.५० आणि ४३.८५. दोन दिशांतला फरक ०.३५.

डॉक्टरांनी तो कागद माझ्या चष्म्याच्या कागदाशेजारी ठेवला. “इथे सव्वादोन, इथे पाव-अर्ध्याच्या मधे. बाकीचा कुठे आहे सांगा.”

डोळ्यात प्रकाश वाकवणाऱ्या मुख्य जागा दोनच. पुढे कॉर्निया, त्याची ताकद साधारण ४३ डायॉप्टर (प्रकाश वाकवण्याची ताकद मोजायचं एकक), आणि आत बाहुलीमागे नैसर्गिक भिंग, ते साधारण वीसच्या आसपास. चष्म्याचा नंबर म्हणजे या दोघांचा एकत्र हिशेब. त्यात कुणाचा वाटा किती, हे चष्म्याचा कागद कधीच सांगत नाही. माझा कॉर्निया जवळजवळ गोल होता. म्हणजे सिलिंडरचा मोठा वाटा भिंगाचा.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसवलं आणि मग त्यांनी स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळा मोठा करून पाहायच्या यंत्राला, जोडलेल्या पडद्यावर मला माझंच भिंग दाखवलं. डोळ्याच्या पडद्यावरून परतणारा नारिंगी-लाल उजेड आणि त्यावर कडेकडून आत घुसलेल्या काळपट पाचरी, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. पण आऱ्या सारख्या अंतरावर असतात. इथे एका बाजूला दाटी होती आणि वरचा भाग बऱ्यापैकी मोकळा होता. दोन पाचरींच्या मधे बारीक चकाकत्या फटी दिसत होत्या. भिंगाच्या बाहेरच्या थरातला क्षार-पाण्याचा तोल बिघडला की तंतूंच्या मधे अशा फटी पडतात आणि त्यांत पाणी साठतं. पाणी वेगळं वाकवतं, तंतू वेगळं वाकवतात, त्यामुळे एकाच भिंगाच्या निरनिराळ्या भागांची ताकद निरनिराळी होते. हा कॉर्टिकल प्रकारचा मोतीबिंदू. पाचरी वाढतात, फटी सरकतात, म्हणून सिलिंडर आणि अॅक्सिस दोन्ही हलतात. आणि हा बिघाड नियमित नसल्यामुळे चष्म्याची काच त्याला पूर्ण पुरी पडत नाही. नव्या चष्म्यातूनही दंडाशेजारी फिकट सावली का उरली होती, ते तिथे उलगडलं. पडद्यावरचं ते चित्र मी बराच वेळ पाहत राहिले. इतके महिने ज्याने मला छळलं ते असं समोर दिसल्यावर मला भीती वाटली नाही, उलट हायसं वाटलं.

नंतर याबद्दल मिळेल ते वाचलं. त्यात थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाची हकिगत सापडली. प्रकाश लाटांसारखा वागतो हे प्रयोगाने दाखवणारा तोच हा यंग. १८०१ साली छापलेल्या निबंधात त्याने स्वतःच्याच डोळ्यातल्या दृष्टिवैषम्याचं वर्णन केलंय. दोष कॉर्नियात आहे की आत, हे शोधायला त्याने काय करावं? एका छोट्या भिंगाच्या खोबणीत पाणी भरून ती उघड्या डोळ्याला लावली. पाण्याला टेकला की कॉर्नियाची प्रकाश वाकवण्याची ताकद जवळपास संपते, आणि तेवढी ताकद समोरचं भिंग भरून काढतं. तरीही दोष होता तसाच राहिला. तेव्हा त्याने ओळखलं की आपल्या डोळ्यातलं भिंगच तिरपं बसलंय. दृष्टिवैषम्याचं हे सुरुवातीचं वर्णन, आणि ते भिंगातल्या दोषाचंच! पुढे १८२५ साली जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच घडवून घेतली. कॉर्नियाचा बाक दवाखान्यात सहज मोजता येईल असं यंत्र १८८१ साली याव्हाल आणि श्यॉट्झ यांनी पॅरिसमध्ये केलं. हा एमिल याव्हाल मला फार जवळचा वाटतो. वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, उड्या मारत जातो, हे दाखवून देणाऱ्यांत तो पहिला. छपाईची अक्षरं सुबोध कशी असावीत याचाही त्याने अभ्यास केला. काचबिंदूने शेवटी त्याचीच दृष्टी गेली. दुसऱ्यांच्या वाचण्यासाठी इतकं करणाऱ्याच्या वाट्याला ते यावं, याचं मला वाईट वाटतं.

परत लेन्सकडे येते, कारण हे सगळं लिहायचं कारण तेच आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आपलं नैसर्गिक भिंग काढून टाकतात. भिंगात असलेला सिलिंडर भिंगाबरोबर जातो. कॉर्नियातला सिलिंडर मात्र जागच्या जागी राहतो आणि टॉरिक लेन्स असते ती त्यावर उतारा म्हणून. तिच्यात मुद्दाम उलटा सिलिंडर घातलेला असतो. माझ्या गोल कॉर्नियामागे, चष्म्याचा आकडा पाहून, सव्वादोनच्या हिशेबाची टॉरिक बसवली असती तर काय झालं असतं? जुना दोष निघून गेला असता आणि त्याच्या उलट दिशेचा नवा, कायमचा दोष डोळ्याच्या आत बसला असता. जास्तीचे पैसे मोजून.

“तुम्हाला साधी, एकाच अंतराची लेन्स पुरे,” डॉक्टर म्हणाल्या. “अर्ध्याच्या आसपास सिलिंडर उरेल, तो चष्म्यात घालू.” दूर-जवळ दोन्ही दिसणाऱ्या मल्टिफोकलबद्दल मी विचारलं. त्यावर त्यांनी माझं काम काय ते नीट ऐकून घेतलं आणि नको म्हणाल्या. अशी लेन्स प्रकाश वाटून घेते, त्यामुळे काळ्या-पांढऱ्यातला उठाव थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. अनुस्वार आहे की कागदावरचा ठिपका, हे दिवसभर पाहणाऱ्या बाईने तो उठाव गमावू नये, हे मलाही पटलं. वाचायला चष्मा तर मी वर्षानुवर्षं लावतेच आहे.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लोक घाबरतात म्हणून एवढंच लिहिते की इंजेक्शन नव्हतं, थेंबांनीच डोळा बधिर केला. चेहऱ्यावर हिरवं कापड, वर प्रखर दिवे, पाण्याची संततधार आणि मशीनचा वरखाली होणारा सूर. “दिव्याकडे बघा, मान हलवू नका” हे दोन-तीनदा ऐकू आलं. एका क्षणी दिव्यांचे आकार विरघळून नुसते रंग राहिले, आणि लेन्स आत जाऊन उलगडली तसे ते पुन्हा गोळा झाले. अडीच-तीन मिलिमीटरची चीर, टाका नाही. या चिरेनेसुद्धा कॉर्नियाचा बाक थोडासा बदलतो, म्हणून ती कुठे घ्यायची हेही आधी ठरवलेलं असतं. आम्ही संध्याकाळच्या आत घरी होतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. तारखांचा लाल इतका लाल असतो हे विसरायला झालं होतं. भिंत पिवळट आहे असं मी आदल्या दिवशी यांना म्हणाले होते. ती पांढरी निघाली. उजव्या डोळ्याने पाहिलं तर अजून जराशी पिवळटच दिसत होती. तारखांखालची बारीक अक्षरं मात्र धूसर होती, आणि त्याची कल्पना मला आधी दिलेली होती: सूज उतरेपर्यंत धीर धरायचा आणि जवळचं चष्म्याशिवाय दिसणार नाही. पहिल्या काही दिवसांत एक लेन्सचा डोळा आणि एक जुना डोळा यांची जुळवाजुळव होईना. जिना उतरताना पायरी चुकेल असं वाटायचं. थेंबांचं वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लावलं होतं. आधी दिवसातून बरेचदा, मग आठवड्यागणिक कमी. डोक्यावरून आंघोळ नाही, फोडणीसमोर उभं राहायचं नाही. स्वयंपाक काही दिवस यांनी केला. काम मी पूर्ण थांबवलं होतं आणि तसं प्रकाशकांना आधीच कळवलं होतं. अशा वेळी पुढच्या तारखा आधीच मागून घ्याव्यात, नाहीतर माणूस एका डोळ्याने काम करायला बसतो.

महिना उलटल्यावर, डोळा स्थिरावल्यावर, पक्का नंबर काढला. डाव्या डोळ्याला उणे ०.२५ आणि सिलिंडर उणे ०.५०. सव्वादोनवरून अर्धा, तोही साध्या लेन्सने. कॉर्नियाचा पुढचा बाक ०.३५ आणि त्याच्या मागच्या बाजूचा थोडासा, मिळून हिशेब बरोबर लागतो, असं डॉक्टरांनी दाखवलं. वाचायचा चष्मा हातात आल्यावर पहिलं काम आलं ते एका कवितासंग्रहाचं, अकरा पॉइंटमधलं. ‘मत’ हे ‘मत’च होतं. एका ओळीत खरोखरच जास्तीचा काना होता. तो मी निःशंक मनाने उडवला.

आता दादाबद्दल. माझ्या थोरल्या भावाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काही वर्षांपूर्वी दुसरीकडे झालं. त्याच्या चष्म्यात सिलिंडर कधी नव्हताच म्हणायला हरकत नाही, जेमतेम अर्धा. ऑपरेशननंतर मात्र दीडचा सिलिंडर निघाला. घरात सगळ्यांचं एकच मत: ऑपरेशन बिघडलं. दादाने त्या डॉक्टरांकडे पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकत चालला तरी ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हता. माझा सगळा हिशेब समजल्यावर माझ्या मनात आलं, उलटंही होऊ शकेल का? त्याची जुनी फाईल मागवून घेतली. वहिनीने ती कपाटात नीट जपून ठेवली होती. ऑपरेशनच्या आधीच्या मोजणीची पट्टी आत होतीच. त्या डोळ्याच्या कॉर्नियाचे आकडे ४४.०० आणि ४५.७५. पावणेदोनचा फरक, चीर द्यायच्या आधीपासून!

मिरजेच्या डॉक्टरांनी तो डोळा पुन्हा मोजला. कॉर्निया जवळजवळ तसाच होता. म्हणजे चिरेने काही बिघडवलं नव्हतं. दादाचा कॉर्निया मूळचाच एका दिशेला जास्त वाकलेला, आणि त्याचं जुनं भिंग नेमकं विरुद्ध दिशेला. दोघं मिळून एकमेकांचा दोष झाकत होते आणि चष्म्यात फक्त उरलेला अर्धा दिसत होता. भिंग काढल्यावर कॉर्नियाचा दोष उघडा पडला. असं भिंगाने कॉर्नियाला सांभाळून घेणं मुळीच दुर्मीळ नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. ज्या सर्जनला आम्ही इतकी वर्षं मनातल्या मनात दोष देत होतो त्यांनी ऑपरेशन चांगलंच केलं होतं. त्यांच्याकडे मोजणीचे आकडेही होते. फक्त “तुमच्या बुबुळात सिलिंडर आहे, तो नंतर दिसेल, चष्मा लागेल किंवा टॉरिक बसवता येईल” हे एक वाक्य कुणी दादाला आधी सांगितलं नाही. त्या एका वाक्याअभावी माणूस दुसरा डोळा घेऊन घरी बसून राहिला. मला याचा राग आहे, आणि तो कमी व्हावा असंही वाटत नाही.

म्हणून कुणी ओळखीचं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालं की मी हेच विचारायला लावते: माझ्या कॉर्नियाचा सिलिंडर किती, चष्म्यातला किती, आणि दोन्हीत फरक असेल तर का? आकडे कागदावर लिहून घ्या. कुठलाही चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही, मला तरी उत्तर देताना त्यांना आनंदच झालेला दिसला. तरुण मुलामुलींच्या बाबतीत कारणं वेगळी असू शकतात. त्यांचा सिलिंडर भराभर वाढत असेल तर कॉर्नियाच पातळ होऊन पुढे येतोय का, हे टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या बाकाचा नकाशा, काढून पाहावं लागतं. तिथे माझा अनुभव लावू नका.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे. त्याचे कॉर्नियाचे आकडे फाईलला लावलेले आहेत, आणि दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर त्यांच्याशी ताडून पाहायचं ठरलंय. दादाच्या दुसऱ्या डोळ्याच्या कॉर्नियातही दीडच्या वर सिलिंडर निघाला. चष्म्यात तो दिसतही नाही. त्याला टॉरिक बसवायची आहे. आडवं झाल्यावर डोळा खोबणीत किंचित फिरतो, आणि टॉरिक लेन्स एक अंश चुकली तरी तिचा सुमारे तीन टक्के परिणाम कमी होतो, म्हणून दादाला सरळ बसवून बुबुळाच्या कडेला शाईने खुणा करतील आणि मगच टेबलावर घेतील. हे सगळं त्याने स्वतः डॉक्टरांना विचारून, वहीत लिहून आणलंय. तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.